वाचकांचे प्रश्न : लेकरं मिशनवर आणि तिकडं वादळ

मागच्या अंकात मी आमच्या फिलिपिन्समधल्या चर्चच्या मिशनच्या दिवसांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, जालना, बीड, लातूरकडून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेजचा ढीगच लागला. आपल्याकडची इतकी लेकरं मिशनच्या कामाला बाहेर आहेत हे मलाही माहीत नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापायची नाहीत असं बहुतेकांनी लिहिलंय, ती छापलेली नाहीत.

ताई, सलाम. माझी लेक अन् जावई फिलिपिन्सला एका बेटावर आहेत, गावाचं नाव मला धड घेता बी येत नाही. नातवाचा पहिला वाढदिवस अन् बाप्तिस्मा एकाच दिवशी धरला होता, मी इथं गल्लीत पेढे वाटायच्या तयारीत, अन् वादळ यायलंय म्हणून कळलं, त्याच्यानंतर चार दिवस फोनच नाही. टीव्हीवर नुसते उडालेले पत्रे दाखवायलेत. मग लेकीचा मेसेज आला की सगळे बरे आहेत, कार्यक्रम पुढं ढकललाय. आता मी म्हणते बस झालं, लेकरू घेऊन परत या. जावई म्हणतेत काम अर्धं टाकून कसं येऊ. माझं काही चुकायलंय का? — एक आजी, जालना

मावशी, सलाम. चार दिवस फोन नाही म्हटल्यावर कोणत्याही आईचा जीव टांगणीलाच लागणार, त्यात चुकायचं काय आलं. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात, फोन बंद पडला ती एक आणि लेक परत यावी ही दुसरी. आधी फोनचं बघू.

वादळ आलं की तिकडं पहिली जाते ती लाइट. टॉवरला बॅटरी असते पण ती काही तासांची, जनरेटरचं डिझेल संपलं की तोही गार. डिसेंबर 2021 मध्ये ओडेट नावाचं वादळ गेलं तेव्हा सेबू आणि बोहोलकडं कित्येक भागात आठवडे न् आठवडे लाइट नव्हती, आणि बहुतेक माणसं मात्र सुखरूप होती, फोन चार्ज करायला लोक रांगा लावून उभे होते. म्हणजे फोन लागत नाही याचा अर्थ फक्त फोन लागत नाही एवढाच घ्यायचा, निदान पहिले चार-पाच दिवस तरी. कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस बऱ्याचदा निघतो, व्हॉट्सॲप नाही हं, साधा एसएमएस, तो लेकीला शिकवून ठेवा आणि तुम्हीही शिका. आणि तिला म्हणावं मनिला किंवा दुसऱ्या मोठ्या शहरातल्या एका ओळखीच्या घरचा नंबर मला दे. बेटावरून कोणी बोटीनं बाहेर पडलं की निरोप पहिल्यांदा त्या घरी पोचतो, आमचे निरोप असेच यायचे. त्या दोघांनी मनिलातल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवलंय का तेही विचारा, नसेल तर मागं लागून करून घ्या.

दुसरं म्हणजे टीव्ही बंद करा, खरंच सांगते. टीव्हीवाले जिथं सगळ्यात जास्त पडझड तिथलंच दाखवणार, आणि देश आहे सात हजारांच्या वर बेटांचा. त्यापेक्षा जावयांना एकच विचारायचं, तुमच्या प्रांताला सिग्नल कितीचा लागलाय. तिथल्या हवामान खात्याला पगासा म्हणतात, ते प्रत्येक प्रांताला 1 ते 5 नंबर देतात. 1 म्हणजे वारा ताशी 39 ते 61 किलोमीटर आणि तो यायला 36 तासांपर्यंत वेळ, त्यामुळं 1 लागतो तेव्हा बाहेर ऊन पडलेलं असतं आणि पोरं क्रिकेट सोडून बास्केटबॉल खेळत असतात (तिकडं गल्लोगल्ली बास्केटबॉलच). 2 ला 88 पर्यंत, 3 ला 117 पर्यंत, 4 ला 184 पर्यंत, आणि 185 किंवा त्याच्या वर गेलं की 5. वर्षाला वीसेक वादळं त्यांच्या हद्दीत येतात, प्रत्येकाला तुम्ही गुडघ्यावर बसून जागरण करायला लागलात तर तुमचीच तब्येत जाईल. 1, 2 ला प्रार्थना करून झोपा. 3 किंवा त्याच्या वर लागला तर मग जागं राहायला हरकत नाही.

पण नंबर फक्त वाऱ्याचा असतो, पाण्याचा नाही, आणि ही गोष्ट जावयांना ठणकावून विचारायची आहे. 8 नोव्हेंबर 2013 ला योलांडा नावाचं वादळ आलं, बाहेरचं जग त्याला हैयान म्हणतं, त्यात 6 हजारांहून जास्त माणसं गेली, आणि ताक्लोबान शहरात माणसं गेली ती मुख्यतः समुद्राच्या पाण्यानं. वाऱ्यानं उथळ खाडीतलं पाणी शहरात ढकललं, कुठं कुठं ते पाच मीटरच्या वर चढलं, लोक घराची दारं-खिडक्या घट्ट लावून आत बसले होते. म्हणून विचारायचं की घर समुद्रापासून किती लांब, किती उंचीवर, स्लॅबचं की पत्र्याचं, आणि हलायचं म्हटलं तर कोणत्या शाळेत किंवा चर्चमध्ये जायचं ठरलंय. याची उत्तरं त्यांनी पटापट दिली तर समजा लेकरं शहाणी आहेत. अडखळले तर मात्र तुम्ही रागवा, माझं नाव सांगून रागवा.

आता वाढदिवसाचं. आमच्या थोरलीचा पहिला वाढदिवस आम्ही तिथल्या शाळेच्या एका वर्गात केला, कारण बरांगायच्या, म्हणजे आपल्या वॉर्डासारखं असतं ते, सगळ्या लोकांना वादळाच्या आदल्या दिवशी तिथंच हलवलं होतं. बाकं भिंतीला लावलेली, खाली पुठ्ठे अंथरून माणसं झोपलेली, कोपऱ्यात कुणाचा तरी कोंबडा बांधलेला. मदतीच्या पाकिटात तांदूळ, सार्डिन माशाचे डबे आणि दोन मिनिटवाले नूडल्स एवढंच. शेजारच्या बाईला कळलं की आज पोरीचा वाढदिवस, ती म्हणाली पानसित नाही तर वाढदिवस कसला. पानसित म्हणजे त्यांच्या लांब शेवया, वाढदिवसाला खायच्याच असतात, लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य, तोडायची नसते. तर त्या बाईनं सात-आठ घरची नूडल्सची पाकिटं गोळा केली, कोणाकडचं गाजर, कोणाकडचा कांदा, आणि मोठ्या पातेल्यात सगळ्या वर्गाला पुरेल एवढं पानसित केलं. पोरगी तर झोपलेलीच होती. तिथं पहिल्या वाढदिवसाला फार महत्त्व असतं, मग सातव्याला, मग मुलीच्या अठराव्याला, त्यामुळं तुमच्या नातवाचा पहिला वाढदिवस कोणी असाच जाऊ देणार नाही याची खात्री बाळगा. तुमचे पेढे तुम्ही वाटून टाका, त्यांच्या कार्यक्रमाची कशाला वाट बघता. बाप्तिस्म्याची नवीन तारीख ठरली की व्हिडिओवर बसा, आपल्यापेक्षा ते अडीच तास पुढं आहेत, तिकडची सकाळी नऊची उपासना म्हणजे इथं साडेसहा, चहा घेऊनच बसा.

परत या म्हणायचं का? माझं मत विचाराल तर वादळाच्या भीतीनं बोलावू नका. लेकीची तब्येत, नातवाचं आजारपण, घर धोक्याच्या जागी असणं, मिशननं महिनोन्‌महिने पगार न देणं, ही बोलावायची कारणं आहेत, आणि त्यात काही असेल तर हक्कानं बोलवा. आणि फोनवर रडू नका हो मावशी, तिकडं तिला एकतर पत्रे ठोकायचे असतात, धुणं वाळवायचं असतं, त्यात आईचं रडणं ऐकलं की ती तुम्हाला पुढच्या वेळी खरं सांगणंच बंद करेल.

भाऊ अन् वहिनी पुढच्या महिन्यात मिशनवर चाललेत, वहिनीला तिसरा महिना आहे. आई म्हणतीय पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे, भाऊ म्हणतोय तिकडं करू. तिकडं जन्मलेल्या लेकराचे कागद काय करावे लागतात? — एक तरुण, लातूर

तुझ्या भावाला आधी एवढंच सांग की लेकरू तिकडं जन्मलं म्हणून तिकडचं नागरिक होत नाही, फिलिपिन्समध्ये नागरिकत्व आईबापावरून ठरतं, जागेवरून नाही. आणि आईवडील भारतीय असले तरी भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद आपल्या दूतावासात करावीच लागते, जन्मापासून एका वर्षाच्या आत, आणि लेकराकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, म्हणजे मग घाल हेलपाटे. त्यासाठी आधी तिथल्या स्थानिक नोंदणी कार्यालयातून जन्मदाखला. दवाखान्यातून निघायच्या आधी दाखल्यावरचं नाव, आईबापाचं आडनाव, स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघायचं, आपली आडनावं तिकडच्या क्लार्कला झेपत नाहीत. आणि हे सगळे कागद, पासपोर्ट, व्हिसा, डोसची कार्डं, झिपच्या प्लास्टिक पिशवीत आणि ती पिशवी दाराजवळच्या बॅगेत. वादळात पासपोर्ट भिजला की त्याचं काय होतं ते मी बघितलंय, माझ्या नाही, शेजाऱ्यांच्या, चिखलाचा लाडू झाला होता.

माहेरचं म्हणशील तर मी आईच्या बाजूनं आहे. महिना मोजा, दिवस कधी भरतात बघा, ते जुलै ते डिसेंबरमध्ये येत असतील आणि गाव बेटावर असेल तर वहिनीला माहेरीच ठेवा किंवा सातव्या महिन्यात आणा. सिग्नल लागला की कोस्ट गार्ड बोटी बंद करतं, आणि कळा काही सिग्नल बघून येत नाहीत. उशीर करू नका, बहुतेक विमान कंपन्या 36 आठवड्यांनंतर बसू देत नाहीत आणि त्याच्या बरंच आधीपासून डॉक्टरची चिठ्ठी मागतात. गाव मोठ्या शहराच्या जवळ असेल, दवाखाना रस्त्यानं गाठता येत असेल तर मग भावाचंही म्हणणं काही वाईट नाही, तिकडच्या नर्सेस फार चांगल्या. डोहाळजेवण मात्र निघायच्या आधी इथंच उरकून घ्या.

धाकट्या पोरीचं लग्न करायचंय, थोरली अन् तिचा नवरा तिकडं मिशनवर. तारीख कधीची धरावी म्हणजे ते येऊ शकतील? — एक वडील, बीड

भाऊ, ईस्टरनंतरची धरा. उपवासकाळात आपण तशीही लग्नं करत नाही, ईस्टर झाला की एप्रिल-मे, आणि तिकडंही फेब्रुवारी ते एप्रिल-मेच्या सुरुवातीपर्यंत समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. उन्हाचं काय करायचं ते मंडपवाल्याला विचारा. डिसेंबरमध्ये नाताळला जोडून करायचा मोह होतो सगळ्यांना पण ओडेट 16 डिसेंबरला आलं होतं, आणि मिशनवरच्या माणसाला नाताळात सुट्टी कुठली, तिकडं तर सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी सुरू होतात. लेकीला म्हणावं बेटावरून मनिलाला विमानाच्या निदान दोन-तीन दिवस आधी येऊन राहा, एक बोट रद्द झाली की पुढचं सगळं तिकीट वाया जातं. हळदीला ते पोचले तर उत्तम.

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. सप्टेंबर 2025 ला सीनेला, सिंदफणेला पूर आला, आमच्या लोकांची शेतं खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. इथं काय कमी काम होतं म्हणून तुम्ही लोक समुद्रापार जाता? आणि फिलिपिन्स तर आधीच ख्रिस्ती देश आहे ना? — एक वाचक, परभणी

राग कशाला, प्रश्न बरोबर आहे आणि हा मला घरातूनच पहिल्यांदा ऐकावा लागला होता, सासऱ्यांकडून. फिलिपिन्समध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत हे खरंय. पण मिशन म्हणजे नुसतं प्रवचन असं तुमच्या डोक्यात असेल तर ते तसं नाही, निदान आमचं तरी नव्हतं. डोंगरातल्या आदिवासी पोरांचं वसतिगृह चालवणं, त्यांना त्यांच्या स्वतःच्या बोलीत वाचायला शिकवणं हे आमचं काम, त्या एका देशात दीडशेच्या वर भाषा आहेत आणि पोराला पहिलीतच परक्या भाषेत बसवलं की ते शाळा सोडतं, हे तुम्हाला मेळघाट नाहीतर किनवटकडच्या कोणत्याही गुरुजीनं सांगितलं असतं. इथं काम नाही असं मी कुठं म्हणते? कोणी इथं करतं, कोणी तिकडं. सगळ्यांनी बांधावरच थांबावं असं म्हटलं तर आपल्याकडंही बाहेरून कोणी आलं नसतं.

ते आले ते कसे, तेही बघा. अमेरिकेतून 1812 मध्ये मिशनऱ्यांची पहिली टोळी कलकत्त्याला उतरली, त्यात हॅरिएट न्यूवेल नावाची मुलगी होती, वय 18, नवीन लग्न झालेलं. ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना देशातून निघून जा म्हणून हुकूम दिला. नवरा-बायको मॉरिशसच्या जहाजात बसले, ती गरोदर होती. वारा उलटा, मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कोरिंगा बंदरात थांबावं लागलं, पुढं समुद्रावरच बाळंत झाली, वादळी पावसात बाळाला सर्दी झाली आणि पाचव्या दिवशी ते गेलं. मॉरिशसला पोचल्यावर 30 नोव्हेंबर 1812 ला तीही क्षयानं गेली, तेव्हा ती 19 वर्षांची होती. नवरा सॅम्युएल मग श्रीलंकेवरून मुंबईला आला, गॉर्डन हॉल या दुसऱ्या मिशनऱ्याबरोबर काम केलं, 1821 मध्ये पटकीनं गेला, आणि पाच वर्षांनी हॉलही नाशिककडच्या एका खेड्यात पटकीनंच गेले. यांनी रोवलेलं काम नंतर मुंबईहून नगरला गेलं, नगरच्या शाळा-दवाखान्यांमधून आपल्या मराठवाड्यातलीही किती माणसं शिकून आली ते मी सांगायला नको. हॅरिएटच्या आईला अमेरिकेत लेक गेल्याचं कळलं ते कित्येक महिन्यांनी, जहाजानं पत्र आल्यावर. जालन्याच्या मावशींनी हे वाचावं की नाही याचा मी दोनदा विचार केला, पण लिहिलंय.

सीनेकाठच्या पुराचं तुम्ही म्हणता ते मात्र मनाला लागलं. चर्चच्या महिला मंडळांनी बाहेर पैसे पाठवायच्या आधी शेजारच्या तालुक्यात काय गेलंय ते बघावं, हे माझंही मत आहे आणि ते मी सभेत बोलले तेव्हा कोणाला फार आवडलं नव्हतं.

आम्ही मिशनवरून परत आलोय, मुलगा 9 वर्षांचा आहे. वारा सुटून शेजारचे पत्रे वाजायला लागले की रात्री उठतो, बादल्या भरून ठेवतो, दप्तरात बिस्किटाचे पुडे आणि टॉर्च भरतो. आणि वारा एकदम थांबला की जास्तच घाबरतो, हे तर आम्हाला कळतच नाही. घरचे हसतात त्याला. — एक आई, संभाजीनगर

हसणाऱ्यांना आधी गप्प करा. वारा थांबल्यावर तो घाबरतो यात न कळण्यासारखं काही नाही, त्यानं वादळाचा डोळा बघितला असणार. मोठ्या चक्रीवादळाच्या मधोमध एक शांत भाग असतो, तो डोक्यावर आला की पाऊस थांबतो, वारा पडतो, कधी कधी वर चांदण्या दिसतात, नवखी माणसं बाहेर येऊन पत्रे गोळा करायला लागतात. आणि मग थोड्या वेळानं, कधी अर्ध्या तासानं कधी जास्त, वारा उलट्या बाजूनं येतो, तेवढ्याच जोरात, आणि आधी एका बाजूनं खिळखिळी झालेली भिंत आता दुसऱ्या बाजूनं पाडतो. तुमच्या पोराला कोणीतरी तेव्हा ओरडून आत ओढलं असेल. म्हणजे तो जे करायलाय ते तिकडच्या हिशोबानं अगदी बरोबर आहे, फक्त गाव बदललंय हे त्याच्या अंगाला अजून कळलं नाही.

त्याला नकाशा घेऊन बसवा. चक्रीवादळ गरम समुद्राच्या वाफेवर जगतं, जमिनीवर आलं की त्याची ताकद उतरत जाते, आणि संभाजीनगर ते समुद्र किती लांब आहे ते त्यालाच पट्टीनं मोजू द्या. मग सांगा की आपल्याकडचा वारा वेगळा, वळवाचा, तासा-दोन तासात आटपतो, डोळा-बिळा काही नसतो, थांबला म्हणजे थांबला. इथली भीती विजेची आणि गारांची. गडगडलं की आत यायचं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि फोनमध्ये दामिनी ॲप टाकून ते बघायचं काम त्याच्याकडंच द्या, पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. काम हातात आलं की अशी पोरं निवांत होतात, माझी धाकटी अशीच होती. बादल्या भरू द्या की, संभाजीनगरात नळाला पाणी कधी येतं हे काय मी सांगायला पाहिजे, तुमचाच फायदा आहे. पण झोप उडालेलीच राहिली, शाळेत लक्ष नाही, अंथरूण ओलं व्हायला लागलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि गरज पडली तर मानसोपचारवाल्यांकडं जायला लाजू नका.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला चांदीचे वाळे, बाजरीचं पीठ अन् शेंगदाण्याची चटणी पाठवायची आहे, कसं पाठवू? — नांदेड

वाळे पोस्टानं किंवा कुरिअरनं अजिबात नाही, कोणी जाणारं-येणारं असेल त्याच्या हातीच. पीठ नको, तिकडच्या दमट हवेत आठवड्यात जाळी धरतं. चटणी चालेल पण लसूण न घालता, कोरडी भाजलेली, आणि दोन पिशव्यांत सील करून. कस्टमचं त्या देशाचे नियम बघून मगच, खाण्याच्या वस्तूंना ते कधी कधी अडवतात. आणि वाढदिवस नोव्हेंबरात असेल तर पार्सल ऑगस्टमध्येच टाका, सिग्नल लागले की बेटावरची पार्सलं मनिलात पडून राहतात.